दोन सेनची लाल तिकिटं

माझ्या सासऱ्यांना काचबिंदू आहे हे आम्हाला कळलं तोवर अर्ध्याहून जास्त नजर गेली होती. उशीर झाला तो त्यांच्या पोस्टाच्या तिकिटांमुळे. काचबिंदू नजर कडांकडून कुरतडत आणतो आणि मधलं शेवटपर्यंत ठेवतो. ते कोपराने चहाचा कप पाडायचे, दाराच्या चौकटीला खांदा आपटायचे, पण भिंगाखाली धरलेलं जपानी तिकीट त्यांना लख्ख दिसायचं. त्यामुळे आपले डोळे उत्तम आहेत असं त्यांना वाटत राहिलं, आणि आम्हालाही. धडपडतात ते वयामुळे, असं आम्ही म्हणायचो.

वसई पूर्वेच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना एका यंत्रासमोर बसवलं आणि नंतर मला एक कागद दाखवला. त्यावर काळ्या रंगात मधे एक पांढरा ठिपका होता. "एवढंच दिसतंय त्यांना," त्या म्हणाल्या. "गेलेलं परत येत नाही. थेंब घातले तर आहे ते टिकेल, काही काळ."

रिक्षातून बाबांना घरी आणत होते. मी त्यांना बाबाच म्हणायचे. आमच्या एव्हरशाईन वसाहतीच्या कमानीपाशी आल्यावर म्हणाले, "तरीच. हल्ली मला तिकिटावरचं फूल दिसतं, कडेचे दाते दिसत नाहीत. मला वाटलं भिंग घासलं गेलंय."

बाबा बॅलार्ड पिअरला एका जहाज कंपनीत पत्रव्यवहाराच्या खात्यात होते. त्या कंपनीने कधीतरी कापसाच्या एका जुन्या पेढीचं गोदाम घेतलं होतं. पेढीची एक शाखा कोबेला होती. ती बंद झाल्यावर तिचं सगळं दप्तर बोटीने मुंबईला येऊन त्या गोदामात पडलं होतं. गोदाम रिकामं करायची वेळ आली तेव्हा रद्दीवाला बोलावला गेला, आणि बाबांनी साहेबांना विचारून पाकिटांची बाचकी घरी आणली. जपानातल्या जपानात आलेली-गेलेली शंभर वर्षांपूर्वीची साधी पत्रं. जवळजवळ प्रत्येकावर एकच तिकीट: दोन सेन, म्हणजे तिथले दोन पैसे, गुलाबीकडे झुकणारा लाल रंग, वर शेवंतीचं फूल. तिथल्या पोस्टाने ती इतकी छापली होती की जगात कुठेही ती ढिगाने मिळतात. नवखा माणूस एक ठेवतो, बाकीची वाटून टाकतो.

बाबांनी एकही वाटलं नाही, कारण त्यांच्या मते ती एक नव्हतीच.

लग्न होऊन आले तेव्हा आम्ही गिरगावात दोन खोल्यांत होतो. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एव्हरशाईन सिटीत फ्लॅट घेतला, बाबांच्या गुडघ्यांसाठी मुद्दाम तळमजल्याचा. सासूबाई त्याआधीच गेल्या होत्या. नवरा मुंबईत बँकेत, सकाळी जायचा तो रात्रीच उगवायचा. मी गोखिवऱ्याला प्लास्टिकचे डबे करणाऱ्या एका गाळ्यात हिशेब बघायचे आणि संध्याकाळी लवकर घरी असायचे. मूल झालं नव्हतं. उपचार करून झाले होते आणि त्याबद्दल बोलायचंही आम्ही सोडलं होतं. बाबांनी कधी एका शब्दाने विचारलं नाही. मी भाजी निवडत असले की ते समोर येऊन बसायचे आणि म्हणायचे, "हात धुऊन ये. एक गंमत दाखवतो."

काचबिंदू कळल्यावर गंमत दाखवणं शिकवण्यात बदललं. आता त्यांना माझे डोळे हवे होते.

"हे बघ, छपाई मुख्यतः चार तऱ्हेची," एका संध्याकाळी त्यांनी टेबलावर चार तिकिटं मांडली. "डोळे मीट. बोट ठेव. दाबू नकोस, नुसतं फिरव."

पहिलं होतं हाताने केलेल्या कागदावरचं, चेरीच्या फुलांचं, कोपरा फाटलेलं. बोटाला बारीक खरखर लागली, मांजराच्या जिभेसारखी.

"लागलं? हे कोरलेल्या पत्र्यावरून छापलंय. रेघ खोल कोरायची, त्यात शाई भरायची, वरची पुसायची आणि कागद दाबायचा. शाई कागदावर उभी राहते. आता हे दुसरं. पालथं कर."

दुसरं आमचं दोन सेनचं लाल. पुढून काहीच लागलं नाही, मागे मात्र चित्राची पुसट खूण उठलेली होती.

"हे उठावाच्या ठशावरून. आपल्याकडे लग्नाच्या पत्रिका छापायचे तसं. ठसा कागदाला दाबतो म्हणून मागे वळ उमटतो. भिंगातून बघ, रेघेच्या कडेला शाई सरकून जाड झालेली दिसेल."

तिसरं फुजी पर्वताचं. भिंगाखाली सगळा डोंगर बारीक ठिपक्यांचा होता. ते फोटोवरून केलेलं. चौथं तिकीट जपान महायुद्ध हरल्यानंतरचं, मळकट कागदाचं, दाते नाहीत, मागे डिंकही नाही.

"हे ऑफसेट," बाबा म्हणाले. "पुढून सपाट, मागून सपाट. बोटाला काही सांगतच नाही. देशापाशी यंत्रं नव्हती, डिंक नव्हता, पण पत्रं तर लिहायचीच होती लोकांना. कात्रीने कापून, खळ लावून चिकटवायचे."

मी ते चौथं तिकीट बराच वेळ हातात धरून होते. भाजी तशीच राहिली.

मग दाते. बाबांच्या लाल तिकिटांचं खरं मर्म तिथे होतं. त्या काळात तिथे तिकिटांच्या तावाला भोकं पाडायची यंत्रं वेगवेगळ्या पिनांची होती. त्यामुळे चित्र एक, रंग एक, पण एकाला दोन सेंटीमीटरांत नऊ भोकं, दुसऱ्याला अकरा, कुणाला बारा, कुणाला तेरा. ते मोजायला एक पारदर्शक पट्टी असते. तिच्यावर ठिपक्यांच्या ओळी असतात. तिकिटाची कड ओळीवर ठेवून सरकवत न्यायची. ज्या ओळीत प्रत्येक भोकात एक ठिपका बरोबर बसतो, ते त्या तिकिटाचं माप. मोजायचं काही नसतं, जुळवायचं असतं. बाबांनी निवृत्तीनंतरची सगळी वर्षं या एका तिकिटाची मापं जुळवण्यात घालवली होती. तीन आल्बम. प्रत्येक पानावर एक माप, त्यात कागद जाड की पातळ, शाई गडद की फिकी. तिसऱ्या आल्बमच्या मध्यावर एका पानावर एकटंच तिकीट होतं. त्याच्या वरखाली एक माप होतं आणि दोन्ही बाजूंना दुसरं. म्हणजे तावाची आडवी भोकं एका यंत्रावर आणि उभी दुसऱ्यावर पडली होती. असं तिकीट क्वचित सापडतं. ते बाबांना सापडलं तेव्हा त्यांनी आम्हा दोघांना गिरगावात आइस्क्रीम खाऊ घातलं होतं.

रविवारी मास्तर यायचे. पश्चिमेकडच्या एका ख्रिस्ती वाडीत राहणारे, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. पोस्टाच्या खिडकीपाशी नवीन तिकिटं घेताना दोघांची ओळख झाली होती. चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपून, सायकलच्या पिशवीत वाडीतली केळी घालून ते यायचे. मास्तर जगातल्या सगळ्या देशांची तिकिटं जमवायचे आणि बाबा त्यांना हसायचे.

"साहेब, तुम्ही एका तिकिटात आयुष्य काढलंत," मास्तर म्हणायचे.

"आणि तुम्ही एकाही तिकिटात एक तास काढला नाहीत."

मी चहा ठेवायचे. ते दिवस मला आठवतात तेव्हा वाटतं, तेवढेच काय ते बरे दिवस होते.

नजर मधूनही गेली. एका सकाळी बाबांनी तिकीट भिंगाखाली धरलं, जवळ घेतलं, दूर नेलं, आणि भिंग उलटं करून टेबलावर ठेवलं. त्यानंतर त्यांनी भिंगाला हात लावला नाही.

मला वाटलं आता हे संपलं. पण दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मला चिमटा आणायला सांगितला आणि एकेक तिकीट तळहातावर ठेवायला लावलं. तर्जनीच्या टोकाने ते कड चाचपायचे. मोठे दाते, बारीक दाते हे फरक त्यांना बोटाने कळायचे. नऊ आणि तेरा तर लगेच. अकरा आणि बारा यांत थोडा वेळ लागायचा. मी पट्टीवर ताडून बघायचे आणि बहुतेक वेळा ते बरोबर असायचे. आंधळ्या माणसाला तिकिटं वाचता येतात हे मी गाळ्यातल्या बायकांना सांगितलं तर त्यांना खरं वाटेना. मला त्या काळात जरा अभिमानच वाटायचा, त्यांचा आणि माझाही.

पण बाबांना मधुमेह होता. आधी तळपाय बधिर झाले. चप्पल पायातून निसटलेली त्यांना कळायची नाही. मग बोटं.

ते कळलं एका रविवारी. मास्तर बसलेले होते. मी गंमत म्हणून ते फाटक्या कोपऱ्याचं चेरीच्या फुलांचं तिकीट बाबांच्या हातावर ठेवलं. खरखरीत शाईचं. त्यांनी बोट फिरवलं. परत फिरवलं. अंगठा लावून पाहिला.

"ऑफसेट," ते म्हणाले.

मी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी खाली पाहिलं.

बाबा थांबले. मग म्हणाले, "चुकलो ना?"

"बाबा, हात थंड पडलाय तुमचा," मी म्हटलं.

"कोणतं होतं?"

मी सांगितलं. त्यांनी हात मागे घेतला आणि मांडीवर ठेवला, तळवा वर करून, दुसऱ्याच कुणाची वस्तू ठेवावी तसा. मास्तर म्हणाले, "साहेब, थंडीत होतं असं." बाहेर ऊन होतं. वैशाख चालू होता.

तरीही आल्बम होते. मला वाटतं त्या पुढच्या वर्षात बाबा त्या आल्बमांवरच जगले. दिसत नव्हतं, बोटाला लागत नव्हतं, पण कोणतं तिकीट कुठे आहे हे पाठ होतं. दुपारी पलंगावर बसून आल्बम मांडीवर घ्यायचे आणि पानं उलटत राहायचे. "सातव्या पानावर वरची ओळ, पातळ कागद," असं पुटपुटायचे. मी कधीकधी पडताळून पाहिलं. तसंच असायचं.

मग २००५ चा जुलै आला.

त्या दिवशी गोखिवऱ्याला आमच्या गाळ्यासमोरचा नाला दुपारीच रस्त्यावर आला. मालकाने सगळ्यांना घरी जा म्हणून सांगितलं. रिक्षा बंद होत्या. मी भिंती धरधरून चालत निघाले. पाणी आधी घोट्याला होतं, एव्हरशाईनच्या वळणावर मांडीला लागलं. माझ्या पुढे एक बाई गॅसचं सिलिंडर पाण्यावर ढकलत नेत होती, ते तरंगत होतं. बाबा घरी एकटे होते. शेजारच्या वहिनींकडे किल्ली असायची, पण त्या माहेरी गेल्या होत्या. नवरा मुंबईत अडकलेला, फोन बंद.

आमच्या इमारतीचं फाटक ढकललं तर ते हलेना. कंपाउंडच्या भिंतीवरून चढून आत उतरले. दार उघडल्यावर घरातलं पाणी आणि बाहेरचं पाणी एक झालं.

बाबा खोलीच्या मधोमध उभे होते. पाणी कमरेच्या जरा खाली. तिन्ही आल्बम त्यांनी छातीशी घट्ट धरले होते, हनुवटी वरच्या आल्बमवर दाबलेली.

"कोण? तू का?"

"मीच, बाबा."

"वाचवले गं," ते म्हणाले. "पाणी पायाला कळलंच नाही, पलंगावर आलं तेव्हा कळलं. खालच्या कप्प्यात होते. बुडी मारल्यासारखा वाकलो आणि काढले. एकदा हातातून सुटले, परत काढले. तिन्ही आहेत."

तिन्ही होते. आणि त्यांच्या भोवती, पाण्यावर, खोलीभर लाल तिकिटं तरंगत होती.

ज्यांना तिकिटांची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते. जुनी तिकिटं आल्बममध्ये पक्की चिकटवत नाहीत. डिंक लावलेल्या कागदाच्या छोट्या घडीने, बिजागरीसारखी, नुसती टांगून ठेवतात. पाणी लागलं की तो डिंक विरघळतो. बाबांच्या हातातून पहिल्यांदा आल्बम सुटले तेव्हाच पानं उघडली होती आणि तिकिटं निघून आली होती. त्यांनी छातीशी धरलेले आल्बम जवळजवळ रिकामे होते.

बाबांना दुसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाकडे नेऊन बसवलं, अंग पुसलं, तिथल्या ताईंनी चहा दिला. मग मी एकटी खाली आले. पिठाची चाळण शोधली. त्या गढूळ पाण्यात, फ्रिज आडवा पडून तरंगत असताना, मी चाळणीने तिकिटं गोळा करत राहिले. भिंतींना चिकटलेली होती, पडद्याला, देव्हाऱ्याच्या पायरीला. वरच्या ताई जिन्यातून ओरडत होत्या, "अहो, दागिने काढा, कागदपत्रं काढा, हे काय करताय?" मी एका बादलीत तिकिटं भरली आणि वर नेली.

पाणी उतरायला वेळ लागला. त्या काळात आम्ही वरच्या ताईंच्या घरीच होतो. मी त्यांच्या हॉलमध्ये वर्तमानपत्रं पसरून त्यांवर तिकिटं वाळत घातली. दाराशी एका कोपऱ्यात बाबा खुर्चीत, मांडीवर ओले आल्बम. पानं फुगली होती, एकमेकांना चिकटली होती. ते सावकाश सोडवत होते. सोडवलेल्या पानावर हात फिरवत होते. बधिर बोटांना कोऱ्या पानावरचं कोरेपण कळत नव्हतं.

"सातवं पान जरा सुरकुतलंय," मला म्हणाले. "पण तिकिटं बसलीत नीट."

मी काय करावं मला सुचेना. नवरा आला होता, त्याने मला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं, "आत्ता नको. जरा सावरू दे त्यांना." मला ते पटत होतं आणि नव्हतं. बाबा आयुष्यभर खरं-खोटं ओळखत आले होते.

मास्तर सायकल ढकलत, चिखलातून आले. त्यांच्या वाडीत विहिरी भरून वाहिल्या होत्या, केळी सगळी झोपली होती. त्याबद्दल ते एक वाक्य बोलले. बाबांना आवाज कळताच चेहरा उजळला.

"मास्तर, या. बघा, पाण्यातून काढले. तिसऱ्याचं मधलं पान बघा आधी. आहे ना?"

मास्तर त्यांच्या शेजारी उकिडवे बसले. आल्बमकडे पाहिलं. मग हॉलभर पसरलेल्या वर्तमानपत्रांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी मान हलवली नाही, काहीच केलं नाही. त्यांनी बाबांचा हात हातात घेतला.

"साहेब," ते म्हणाले, "पान कोरं आहे."

"कोणतं?"

"सगळी."

बाबांनी एकदम हात काढून घेतला आणि पानावर आपटला, चाचपलं, नखाने खरवडलं. मग थांबले.

"तिकिटं कुठेत?" त्यांनी मला विचारलं.

"इथेच आहेत, बाबा. वाळत घातलीयत. बहुतेक सगळी मिळाली."

"मिळाली?" ते हसलेच जवळजवळ. "मग गेलं काय? उगाच घाबरवता." आणि मग ते हसू चेहऱ्यावर असतानाच त्यांना कळलं. ते कळताना मी पाहिलं.

"सगळी एकत्र?"

"एकत्र."

तिन्ही आल्बम मिटून त्यांनी जमिनीवर ठेवले. रंग तोच, फूल तेच, आणि कोणतं काय हे सांगू शकणारा एकच माणूस त्या घरात होता. त्याला दिसत नव्हतं आणि त्याच्या बोटांना कळत नव्हतं. हजारो लाल तिकिटं पंख्याच्या वाऱ्याने वर्तमानपत्रांवर हलत होती.

गणपती झाल्यावर मी पुन्हा मापं जुळवायला सुरुवात केली. कुणी सांगितलं नव्हतं. घराच्या भिंतींना अजून ओल होती, रंगाचे पापुद्रे सुटत होते, वास जात नव्हता. संध्याकाळी मी पट्टी घेऊन बसायचे. रविवारी मास्तरही बसायचे. बाबा पलंगावर आडवे, आम्ही माप सांगायचं आणि त्यांनी कुठल्या डब्यात टाकायचं ते सांगायचं, असं ठरलं.

पण मापं जुळेनात. आधी मला वाटलं माझी चूक होतेय. मग लक्षात आलं, जुना कागद पाणी पिऊन वाळला की आक्रसतो. सगळा सारखा नाही आक्रसत. कुठे कमी, कुठे जास्त, एकाच तिकिटाच्या दोन कडा वेगळ्या. दाते दुमडलेले, काही गळालेले. ठिपके भोकांत बसायचे, मधेच सुटायचे.

"बाबा, हे अकरा आणि बाराच्या मधे येतंय."

"असं माप नसतं."

"आता आहे, बाबा."

ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "बरं. बाजूला ठेव."

बाजूचा डबा भरत गेला. मापांचे डबे रिकामेच. मास्तर एकदा म्हणाले, "सूनबाई, अंदाजाने टाकू या का? त्यांना काय कळणार?" आणि लगेच स्वतःच मान हलवून पट्टी खाली ठेवली.

ते एकटं तिकीट, वरखाली एक माप आणि बाजूंना दुसरं, त्याबद्दल बाबा विचारत नव्हते. मीच शोधत होते. दिवाळीच्या सुमाराला एक हाती आलं. वरची कड पट्टीवर बसली. डावी कड वेगळी आली, स्पष्ट वेगळी. उजवी कड बघितली तर तिथले चार-पाच दाते पाण्यात गळून गेलेले, कड सपाट. खालची फाटलेली.

मी उठून पलंगापाशी गेले. "बाबा, बहुतेक सापडलं."

ते उठून बसले. एव्हाना त्यांना आधार देऊन उठवावं लागायचं, पण त्या दिवशी स्वतःच उठले. "वर किती?"

मी सांगितलं.

"डावीकडे?"

सांगितलं.

"उजवीकडे?"

"दाते नाहीत. गळालेत."

"खाली?"

"फाटलंय."

त्यांनी हात पुढे केला. मी तिकीट तळहातावर ठेवलं. त्यांनी बोटं मिटली नाहीत, चाचपलंही नाही. नुसतं धरून राहिले.

"कागद आक्रसल्यामुळे डावी कड वेगळी येत असेल?" त्यांनी विचारलं.

"येऊ शकते."

"नक्की तेच आहे असं म्हणशील?"

माझ्या तोंडाशी हो आलं होतं. त्या माणसाने मला एक गोष्ट शिकवली होती ती हीच, की जुळलं तरच जुळलं म्हणायचं.

"नाही म्हणता येणार, बाबा."

"मग ते नाही," ते म्हणाले. तिकीट माझ्याकडे परत दिलं, आडवे झाले, चादर ओढून घेतली. "पुरे आता. उद्यापासून बसू नकोस."

त्यानंतर त्यांनी तिकिटांचा विषय काढला नाही. मास्तर आले की हवापाण्याच्या गप्पा व्हायच्या. मास्तरांनी एकदा कुठल्याशा नव्या जपानी तिकिटाचं सांगायला सुरुवात केली तर बाबा म्हणाले, "मास्तर, केळी नवीन लावलीत का?" दुपारी टीव्ही लावून बसायचे, आवाज मोठा. त्यावर काय चाललंय ते विचारलं तर सांगता यायचं नाही. कधी त्यांची बोटं मांडीवर पानं उलटल्यासारखी हलायची आणि मधेच थांबायची.

पुढच्या उन्हाळ्यात पायाला जखम झाली, ती त्यांना कळली नाही आणि आम्हालाही उशिरा दिसली. पाय घोट्यापासून काढला. त्यातून ते उठलेच नाहीत. दवाखान्यात शेवटी शेवटी त्यांना मी कोण आहे हे विचारावं लागायचं. एकदा म्हणाले, "आवाज ओळखीचा वाटतो." तेवढंच.

नोव्हेंबरात मास्तर आले. ख्रिस्ती लोकांचा मृतांचा दिवस होऊन गेला होता. पिशवीतून मेणबत्तीचा उरलेला तुकडा काढून त्यांनी टेबलावर ठेवला आणि जरा ओशाळून म्हणाले, "साहेबांसाठी मिस्सा वाहिली मी. फादरांना विचारलं, चालतं का. ते म्हणाले, चालतं." मला काय वाटायला हवं होतं माहीत नाही. मला काहीच वाटलं नाही. मी चहा ठेवला.

पुढे आम्ही तो फ्लॅट विकला आणि त्याच भागात तिसऱ्या मजल्यावर राहायला गेलो. सामान बांधताना नवऱ्याने विचारलं, एखाद्या शाळेतल्या मुलांना देऊन टाकायची का तिकिटं. मी म्हटलं, मुलं काय करतील, सगळी सारखीच तर दिसतात. मग माझ्या लक्षात आलं मी काय बोलले. त्याने दोरी तोडली आणि तिकिटांचा डबा इतर भांड्यांबरोबर बांधला.